कोटाबाहेर पडायचे कोणी?

मुंबईतली जुनी माणसे कचेरीत जायला निघाली की 'कोटात जातो' असे म्हणत. हा कोट अंगात घालायचा नव्हे. हा इंग्रजांचा किल्ला, म्हणजे फोर्ट. त्या किल्ल्याचे तट पडून दीडशेहून अधिक वर्षे झाली. तरी नोकरी आणि कोट यांची सांगड मुंबईकरांच्या बोलण्यात कितीतरी पिढ्या टिकून राहिली. तट पडले, पण कचेऱ्या मात्र तटाच्या आतच राहिल्या, आणि त्यांच्यासाठी रोज सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे माणसांचा लोंढा वाहत राहिला.

शहरातल्या कचेऱ्या कुठे असाव्यात? जुन्या मध्यवस्तीत, की माणसे राहतात त्या उपनगरांत? वरवर पाहता हा नगररचनाकारांचा आणि इंजिनीअरांचा प्रश्न वाटतो. पण विरारहून किंवा कल्याणहून निघणाऱ्या माणसासाठी तो रोजच्या तीन तासांचा प्रश्न आहे. आयुष्यातली किती वर्षे लोकलच्या दांडीला लटकून काढायची, मुले जागी असताना घरी पोहोचायचे की ती झोपल्यावर, हे या एका गोष्टीवर ठरते. म्हणूनच मुंबईने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले आणि सापडलेले उत्तर कसे हातचे जाऊ दिले, हा इतिहास आपण पाहायला हवा.

सुरुवात किल्ल्यापासूनच करू. १८६२ साली सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा खेळू लागला. फ्रियरसाहेबांनी किल्ल्याचे तट पाडले, मोकळ्या झालेल्या जमिनी विकल्या आणि त्या पैशातून सार्वजनिक इमारतींचा पाया घातला. पुढे सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशी एकाहून एक देखणी वास्तू मैदानाच्या कडेला उभी राहिली. एलफिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, याच काळातले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सरकारने जमीन मोकळी करायची, ती विकायची, आणि त्या विक्रीतून शहर घडवायचे, ही रीत मुंबईला तेव्हा लागली. ती आजतागायत सुटलेली नाही.

कोटाला लागून जमीन उरली नाही तेव्हा समुद्राकडे लक्ष गेले. बॅकबे, म्हणजे मागची खाडी, बुजवण्यासाठी काढलेल्या कंपनीच्या शेअरवर अवघी मुंबई सट्टा खेळली. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि तो फुगा फुटला. भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. पोर्ट ट्रस्टचा अनुभव मात्र वेगळा. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेली माती टाकून त्याने भराव केला आणि त्यावर जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅलार्ड इस्टेट उभी केली. एका वास्तुरचनाकाराने आखलेली, एका उंचीची, एका धाटणीची अशी ही कचेऱ्यांची वसाहत आजही पाहण्यासारखी आहे.

त्यानंतर आले गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड. त्यांनी बॅकबेचा ११४५ एकरांचा भराव आठ विभागांत करण्याची योजना हाती घेतली. समुद्रात भिंत घातली, तळाचा गाळ उपसून आत टाकला, आणि तो गाळ भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला. पैसाही त्याच वाटेने गेला. लोकांनी या योजनेला लॉइडसाहेबांचा मूर्खपणा असे नावच ठेवले. त्या काळी एका तरुण पारशी वकिलाने या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. त्याच्यावर हार्वे नावाच्या इंजिनीअरने बदनामीचा खटला भरला, पण वकील निर्दोष सुटला. त्याचे नाव खुर्शेद फ्रामजी नरिमन. वीर नरिमन म्हणून तो पुढे गाजला आणि मुंबईचा महापौरही झाला. अखेर आठपैकी चारच विभाग भरले गेले. त्यांतल्या एकावर मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जाणारी रेल्वे १९३० च्या अखेरीस बंद झाली. समुद्र हटवण्याच्या नादात रेल्वेचे टोकच मागे आले.

उरलेल्या चार विभागांचे काय झाले, ते पुढे येईलच.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मुंबई फुगू लागली होती. १९५१ साली बृहन्मुंबईची वस्ती तीस लाखांच्या घरात होती. १९७१ मध्ये ती साठ लाखांच्या घरात गेली. ही वाढ झाली ती मुख्यतः उपनगरांत. मुंबई बेट भरून गेले होते, माणसे उत्तरेकडे सरकत होती, कामाची जागा मात्र दक्षिणेच्या टोकालाच होती. हे जाणत्या लोकांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. १९४८ साली मोडक आणि मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. १९५९ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती करावी असे सुचवले. साठच्या दशकात धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने तर सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करण्याचा आग्रह धरला.

त्यात १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाच्या अंकात तिघांनी एक धाडसी कल्पना मांडली. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोघे वास्तुरचनाकार, शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता. त्यांचे म्हणणे साधे होते. मुंबई ही एक लांबट पट्टी आहे. सकाळी सगळे दक्षिणेकडे जातात, संध्याकाळी सगळे उत्तरेकडे. एका दिशेची गाडी खच्चून भरलेली, तर उलट जाणारी जवळजवळ रिकामी. रूळ तेच, डबे तेच, पण अर्धी ताकद वाया. यावर उपाय म्हणजे आणखी उत्तरेला उपनगरे वाढवणे नव्हे. पूर्वेला, खाडीपलीकडे, कामाचे दुसरे केंद्र उभे करायचे. मग माणसांचा ओघ दोन्ही दिशांनी वाहील आणि जुन्या शहरालाही श्वास घेता येईल.

या योजनेची कळ एकाच गोष्टीत होती. खाडीपलीकडे आधी जायचे कोणी? खासगी कंपनी आपणहून चिखलात उडी मारणार नाही. तेव्हा राज्य सरकारनेच आपले ठाणे तिकडे हलवावे, म्हणजे सचिवालय गेले की वकील जातील, बँका जातील, कंत्राटदार जातील, उपाहारगृहे जातील, असा त्यामागचा विचार होता.

सरकारने योजना उचलली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. त्या काळच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा टापू नव्या शहरासाठी ठरला. वीस लाख माणसांची सोय करण्याचे उद्दिष्ट होते. जे. बी. डिसूझा यांच्यासारखा कडक शिस्तीचा सनदी अधिकारी व्यवस्थापकीय संचालक म्हणून आला. कोरिया मुख्य वास्तुरचनाकार झाले, नियोजनाची जबाबदारी शिरीष पटेलांकडे आली. कल्पना मांडणाऱ्यांच्याच हाती ती अमलात आणण्याची संधी यावी, असे आपल्याकडे क्वचितच घडते.

आता मघाच्या चार विभागांकडे वळू. खाडीपलीकडे शहर वसवण्याचा संकल्प करणारे हेच सरकार, त्याच वर्षांत, बॅकबेचे उरलेले विभाग भरत होते आणि त्यावरचे भूखंड भाडेपट्ट्याने देत होते. एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची तेवीस मजली इमारत आणि त्यांच्या शेजारी एकामागून एक मनोरे सत्तरच्या दशकात तेथे उठले. कचेऱ्यांनी गजबजलेल्या या टोकाला नाव मिळाले नरिमन पॉइंट. ज्या माणसाने भरावाच्या गैरकारभाराविरुद्ध आयुष्यातली उमेदीची वर्षे खर्च केली, त्याचेच नाव! इतिहासाला विनोदाचे अंग असते, ते असे.

सरकारने असे का केले? एक कारण तिजोरीचे. समुद्रात भराव टाकला की भूसंपादनाची कटकट नाही, आणि मंत्रालयाच्या दाराशी असलेल्या त्या जमिनीला भाव मात्र सोन्याचा. दुसरे कारण सोयीचे. १९५५ मध्ये नवे सचिवालय जेथे उभे राहिले, तेही बॅकबेच्या भरावाच्याच परिसरात. मंत्र्यांचे बंगले, आमदार निवास, क्लब, उच्च न्यायालय, सगळे हाकेच्या अंतरावर. हे सोडून खाडीपलीकडच्या मिठागरांत जायला मनाची तयारी लागते. ती झाली नाही. सचिवालयाचे १९७५ साली मंत्रालय झाले, नाव बदलले, जागा बदलली नाही.

येथे कोटाची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. कचेऱ्या एका ठिकाणी दाटीने असण्यात नुसता हट्ट नसतो. बँक, विमा कंपनी, शेअर दलाल, सॉलिसिटर, गोदी, न्यायालय यांची कामे एकमेकांत गुंतलेली असतात. दुसरे असे की पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवरचा माणूस कोटात थेट पोहोचतो. कचेरी अंधेरीला नेली तर बोरिवलीच्या माणसाची सोय होते, पण डोंबिवलीच्या माणसाला दादरला जिना चढून गाडी बदलावी लागते. तो कोटात रडत का होईना, पण बसून जाऊ शकत होता. म्हणजे नुसत्या कचेऱ्या उपनगरात फेकून भागत नाही. त्यांच्या आधी किंवा निदान त्यांच्याबरोबर रूळ जावे लागतात.

आणि नेमके येथेच नव्या मुंबईचे गणित चुकले. खाडीपूल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाला, पण मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल पोहोचली १९९२ च्या मे महिन्यात. सिडकोच्या जन्मानंतर बावीस वर्षांनी! रेल्वेने हात आखडता घेतला तेव्हा सिडकोने सुमारे दोन तृतीयांश खर्च उचलला, आणि प्रवाशांकडून तिकिटावर अधिभार वसूल झाला. बेलापूरला 'सेंट्रल बिझिनेस डिस्ट्रिक्ट' असे भारदस्त नाव दिले गेले. सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय, कोकण रेल्वेचे मुख्यालय अशी काही सरकारी आणि निमसरकारी बिऱ्हाडे तिकडे गेली. पण सत्तेचे घर हलले नाही. खुद्द सिडकोचे नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटच्या 'निर्मल' इमारतीत राहिले, यातच सगळे आले.

जे हुकमाने हलवता येण्यासारखे होते ते मात्र हलवले. कांदा-बटाट्याचा, मग इतर मालाचा, नव्वदच्या दशकात फळे-भाजीपाल्याचा घाऊक बाजार वाशीला गेला. लोखंड बाजार कळंबोलीला गेला. त्यांच्यामागे माथाडी कामगार गेले, त्यांच्या वसाहती तिकडे झाल्या. पाठीवर पोते घेणाऱ्याला जा म्हटल्यावर जावे लागले. फायलीवर सही करणारा अलीकडेच राहिला.

ज्यांच्या जमिनीवर हे सारे घडायचे होते त्यांची कहाणी आणखी कडवट आहे. आगरी, कोळी, कराडी समाजाची ही गावे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी. शहर येणार, नोकऱ्या येणार, असे त्यांना सांगण्यात आले. कचेऱ्या तर आल्या नाहीतच, आणि जमिनीला मिळणारा मोबदलाही जेमतेम होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनमालकाला देण्याचे तत्त्व मान्य झाले. या तत्त्वाची किंमत पाच जिवांनी मोजली, हे आज वाशीच्या मॉलमध्ये हिंडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

दरम्यान दुसरा एक प्रयोग सुरू झाला होता. १९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९७७ साली वांद्रे आणि कुर्ला यांच्या मधल्या दलदलीच्या, सुमारे ३७० हेक्टर प्रदेशाचे नियोजन त्याच्याकडे सोपवण्यात आले. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांची वाढ रोखणे हाच उद्देश. बेटावर नव्या कचेऱ्यांना आवर घालणारी बंधनेही त्याच वर्षी आली. वांद्रे-कुर्ला संकुल कितीतरी वर्षे रिकामे रिकामे वाटत असे. मग राष्ट्रीय शेअर बाजार आला, बँका आल्या, सेबी आली. २०१० साली भारत डायमंड बोर्स सुरू झाले. तरी ऑपेरा हाउसच्या गल्ल्या सोडायला बरेच हिरे व्यापारी राजी नव्हते. जुलै २०११ मध्ये तेथे बॉम्बस्फोट झाला आणि मग स्थलांतराला वेग आला. कोटातून जाणारा माणूस सहजी जात नाही, त्याला काही तरी धक्का लागतो.

या संकुलासाठीही किंमत मोजावी लागली. मिठी नदीच्या काठची दलदल आणि तिवरे हटवून भराव झाला, नदीचे पात्र आवळले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा पाण्याला जायला वाट कुठे, हा प्रश्न साऱ्या शहराला पडला. त्या आपत्तीला एकच कारण नव्हते, पण पाण्याची जागा आपण कचेऱ्यांना दिली होती हे विसरून चालणार नाही.

आणि येथेही रूळ मागेच राहिले. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला उतरायचे आणि मग बससाठी किंवा शेअर रिक्षासाठी रांग लावायची, हा तिथल्या लाखो नोकरदारांचा दिनक्रम झाला. संकुलाला स्वतःचे स्टेशन मिळाले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा. १९७७ पासून मोजले तर सत्तेचाळीस वर्षे होतात.

मधल्या काळात शहराच्या ऐन मध्यभागी एक संधी चालून आली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे भोंगे हळूहळू थांबले. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला असे वाटप सुचवले होते. २००१ साली त्यात बदल झाला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. लोअर परळला काचेचे मनोरे उभे राहिले. कचेऱ्या आल्या, पण गिरण्यांच्या काळातले अरुंद जिने आणि पूल तेच राहिले. रस्ते कोणी, केव्हा रुंद करायचे, हे मनोरे बांधताना कोणी विचारले नाही.

दुसऱ्या देशांत सारे आलबेल होते असे नाही. लंडनच्या जुन्या गोद्यांच्या जागी कॅनरी वॉर्फ उभे राहिले. १९९१ साली मनोरा पूर्ण झाला आणि १९९२ मध्ये बांधणारी कंपनीच आर्थिक गर्तेत गेली. १९९९ मध्ये मोठ्या क्षमतेची ज्युबिली लाइन तेथे पोहोचली आणि मग त्या भागाचे बस्तान बसले. पॅरिसच्या वेशीवरच्या ला देफाँसचे काम १९५८ साली सुरू झाले, आणि १९७० मध्ये जलद रेल्वे तेथे येऊन ठेपली. तात्पर्य तेच. रेल्वे आली की कचेऱ्या रुजतात.

आज चित्र बरेच पालटले आहे. एके काळी जगातल्या सर्वांत महागड्या कचेऱ्यांत गणल्या गेलेल्या नरिमन पॉइंटमधून अनेक कंपन्या बाहेर पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी वांद्रे पूर्वेची जागा ठरली आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात माहिती तंत्रज्ञान कंपन्या आल्या, आणि सकाळी ठाण्याहून पनवेलकडे जाणारी लोकलही भरून जाऊ लागली. तिघांनी १९६५ साली पाहिलेले स्वप्न अर्धेमुर्धे खरे झाले, पण सरकारने पुढाकार घेतल्यामुळे नव्हे. सरकारने काय केले? एअर इंडियाने सोडलेली नरिमन पॉइंटची इमारत १६०१ कोटी रुपयांना विकत घेण्याचा निर्णय केला, आणि २०२४ साली केंद्राने त्याला मान्यता दिली. मंत्रालयाच्या विखुरलेल्या कचेऱ्यांना जवळ जागा हवी, हे कारण व्यवहाराचे आहे, ते नाकारता येत नाही. पण कंपन्या कोटातून निघाल्या आणि त्यांच्या रिकाम्या जागेत सरकार शिरले, हा १९७० च्या योजनेचा बरोबर उलटा आरसा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा हा पूल मोटारींसाठी आहे, त्यावर रेल्वे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. सेतूपलीकडे 'तिसऱ्या मुंबई'ची आखणी चालू आहे. पुन्हा गावे, पुन्हा भातशेती, पुन्हा नोकऱ्यांची आश्वासने.

अशा वेळी सामान्य माणसाने तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. पहिला, कचेऱ्यांच्या आधी रूळ पोहोचणार का? दुसरा, ज्यांची जमीन जाणार त्यांना त्यांचा वाटा सुरुवातीलाच मिळणार, की त्यासाठी पुन्हा कोणाला रस्त्यावर उतरावे लागणार? आणि तिसरा, 'तुम्ही पुढे व्हा' असे सांगणारे स्वतः तिकडे बिऱ्हाड हलवणार का? पन्नास वर्षांपूर्वी हे तीन प्रश्न कोणी ठामपणे विचारले नाहीत, आणि त्यांची उत्तरे लोकलमधल्या माणसाने रोज उभ्याने प्रवास करून दिली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)